कर्नलमधील संक्षिप्त नामे : पूर्णरूप आणि अर्थ

संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. १९९१ मध्ये आरंभ झालेल्या लिनक्सच्या कर्नलचा कोड सर्वांना वाचण्यास खुला असल्याने तो महाविद्यालयीन वर्गातही अभ्यासता येतो. मात्र तो उघडताच वाचक प्रथम अडतो तो नावांपाशी. आयनोड, डेन्ट्री, जीएफपी, एसकेबी अशा नावांची पूर्णरूपे पाठ करून घेण्याकडे अध्यापनाचा कल असतो. ‘पूर्णरूप लिहा’ हा प्रश्नही सर्वांच्या परिचयाचा आहे. पूर्णरूप कळले की अर्थ कळला, हे त्यामागील गृहीतक तपासण्याजोगे आहे.

नावे आखूड होण्यास तांत्रिक कारणे होती. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणकातदेखील बाह्य नावांची केवळ पहिली ६ अक्षरे ग्राह्य धरण्याची हमी होती. १९९९ मध्ये ती ३१ वर गेली. परंतु सर्वच काटकसर सक्तीची नव्हती. युनिक्सचे जनक केन थॉम्पसन यांनी ‘क्रिएट’च्या स्पेलिंगमधील अखेरचा ‘ई’ गाळला आणि युनिक्स पुन्हा घडवायचे झाल्यास तो ‘ई’ परत लावू, असे पुढे मिस्कीलपणे सांगितले. ‘ई’ धरूनही ते नाव सहाच अक्षरांचे होते!

आयनोडचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्यातील ‘आय’ कशाचा, हे खुद्द डेनिस रिची यांनाही निश्चितपणे आठवत नव्हते. ‘इंडेक्स’ असावा, असा त्यांचा तर्क होता. निर्मात्यालाच जे पूर्णरूप ठाऊक नाही, ते विद्यार्थ्याकडून वदवून घेण्यात काय साधते? आयनोडमध्ये फाइलची मालकी, परवानग्या, आकार व साठवणीची जागा यांची नोंद असते. फाइलचे नाव मात्र नसते. ते डिरेक्टरीच्या नोंदीत असते, म्हणूनच एका फाइलला अनेक नावे असू शकतात. आयनोडचा अर्थ येथे आहे, ‘आय’मध्ये नाही.

जीएफपीच्या बाबतीत पूर्णरूप निश्चित आहे, तरी ते दिशाभूल करते. ‘गेट फ्री पेज’, म्हणजे स्मृतीचे मोकळे पान मिळवणे. परंतु ‘केमॅलॉक’द्वारे मोजकेच बाइट मागतानाही हीच अक्षरे लिहावी लागतात. त्यांचा खरा आशय अटींचा आहे. ‘जीएफपी_कर्नल’ लिहिले, तर स्मृती उपलब्ध होईपर्यंत मागणी करणारा कोड थांबू शकतो. ‘जीएफपी_अ‍ॅटॉमिक’ लिहिले, तर थांबण्यास मुभा नाही. इंटरप्ट हाताळणाऱ्या कोडला थांबता येत नाही. तेथे पहिले नाव वापरल्यास संपूर्ण यंत्रणा ठप्प होण्याचा धोका असतो. पूर्णरूप अचूक सांगणारा विद्यार्थीही ही चूक करू शकतो.

महसुली दप्तराशी परिचित असलेल्यांना हा प्रकार नवा वाटू नये. जालना जिल्ह्यात घरोघरी बोलला जाणारा ‘सातबारा’ हा शब्द म्हणजे गाव नमुना ७ आणि १२ या दोन अंकांचाच संक्षेप. जुन्या सातबाऱ्यांवर खातेदाराच्या नावाशी ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे आढळतात. एकत्र कुटुंब मॅनेजर, हे त्यांचे पूर्णरूप. परंतु त्यांचा अर्थ असा की, जमीन त्या एकट्याची नसून कुटुंबातील इतरांचाही तीत हिस्सा आहे. नवा उतारा लिहिताना ती तीन अक्षरे गळाली, तर इतर हिस्सेदारांना आपला हक्क सिद्ध करणे अवघड होऊन बसते. येथेही संक्षेपाचे ओझे शब्दांवर नसून त्यातून उद्भवणाऱ्या परिणामांवर आहे.

पूर्णरूपे सर्वस्वी निरुपयोगी आहेत, असे मात्र नव्हे. ‘केमॅलॉक’मधील ‘के’ कर्नलचा आहे हे कळले की सामान्य ‘मॅलॉक’शी त्याची गल्लत होत नाही. (‘प्रिंटके’मध्ये तोच ‘के’ शेवटी का गेला, याला संगती नाही.) लिनक्सच्या लेखनसंहितेची भूमिका या दृष्टीने समतोल आहे. फलनापुरती मर्यादित नावे आखूड असावीत, सर्वत्र वापरली जाणारी नावे वर्णनपर असावीत, असे ती सांगते. वाचकाच्या नजरेच्या टप्प्यात संदर्भ असेल तेथेच संक्षेप चालतो, हे तीत मान्य केलेले आहे. जीएफपीचा संदर्भ मात्र त्या ओळीत नसतो. तो कोड कोणत्या स्थितीत चालतो आहे, यावर ठरतो. प्रश्नपत्रिकेत दहा ओळींचा उतारा देऊन तेथे जीएफपीचे कोणते रूप चालेल व का, असे विचारता येते. त्याचे उत्तर पाठांतराने देता येत नाही.