नावांची संख्या आणि नियमांतील भेद : 'एज ऑफ एम्पायर्स २'च्या विस्तारसंचांतील सांस्कृतिक वैविध्य

प्रास्ताविक

इतिहासाधारित व्यूहात्मक संगणकीय खेळांत नवनव्या संस्कृतींचा समावेश व्हावा, ही खेळाडूंची मागणी जुनी आहे. मूळ खेळाला जोड म्हणून विक्रीस येणारे विस्तारसंच बहुतांशी याच मागणीवर उभे असतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला 'एज ऑफ एम्पायर्स २' हे त्याचे ठळक उदाहरण होय. मध्ययुगीन जगावर आधारलेल्या या खेळात आरंभी १३ संस्कृती होत्या. २०२५ मध्ये त्यांची संख्या ५० झाली. संख्येतील ही वाढ वैविध्याचीही वाढ ठरते काय, हा प्रस्तुत लेखाचा विचारविषय आहे.

विवेचन

या खेळाचा सांगाडा सर्व संस्कृतींना समान आहे. अन्न, लाकूड, सोने व दगड ही चार साधने गोळा करावयाची आणि चार युगे ओलांडावयाची, हा क्रम सर्वांना लागू पडतो. त्यांतील एका युगाचे नाव 'सरंजामी युग' आहे. मेक्सिकोतील ॲझ्टेकांनाही त्यातूनच जावे लागते. युरोपच्या इतिहासाची ही चौकट कायम असल्याने नवी संस्कृती केवळ नवे नाव घेऊन आली, तर वेगळेपण वरवरचे राहते. २००० मधील 'द कॉन्करर्स' या विस्तारसंचाने मात्र ॲझ्टेक व माया यांना घोडदळच दिले नाही. इतिहासातील एका अभावाचे येथे नियमात रूपांतर झाले आणि खेळाडूस निराळ्या रीतीने विचार करणे भाग पडले.

भारताचे चित्रण या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१३ मधील 'द फरगॉटन'मध्ये अवघा उपखंड 'भारतीय' या एकाच नावाखाली आला. २०२२ मधील 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया'ने त्याचे हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली व द्राविड असे चार भाग केले. या चौघांपैकी कोणालाही युरोपीय पद्धतीचा चिलखती घोडेस्वार नाही. तटबंदी फोडण्यास लाकडी यंत्राऐवजी चिलखती हत्ती आहे. द्राविडांना प्रत्येक नव्या युगात प्रवेश करताना लाकूड मिळते, त्यामुळे आरमार उभारणे सुलभ होते. राजेंद्र चोळाच्या सागरी पराक्रमाशी हे सुसंगत आहे. तथापि वर्गीकरणाचे तत्त्व एकसूत्री नाही. 'बंगाली' हे प्रदेशावरून आलेले नाव आहे, तर 'द्राविड' ही संज्ञा आज मुख्यत्वे भाषाकुलासाठी वापरली जाते. त्यामुळे देवगिरीच्या यादवांसारखी सत्ता या चौघांपैकी कोठेच नीट बसत नाही.

२०२५ मधील 'द थ्री किंगडम्स' या विस्तारसंचाने या मागणीचे स्वरूप अधिक स्पष्ट केले. त्यात जुर्चेन व खितान यांच्यासह शू, वेई व वू यांचा समावेश झाला. ही तिन्ही राज्ये तिसऱ्या शतकातील, एकाच चिनी समाजातून उदयास आलेली. अनेक खेळाडूंनी त्यांवर आक्षेप घेतला : राज्य म्हणजे संस्कृती नव्हे, आणि तांगुत व तिबेटी अद्याप वगळलेलेच असताना ही निवड अनाकलनीय आहे. नवीन घटकांची संख्या पाच असूनही असमाधान व्यक्त झाले, ही बाब लक्षणीय होय. खेळाडूंची भूक केवळ संख्येने भागत नाही; एखाद्या समाजाला त्याच्या योग्य नावाने व योग्य काळात स्थान मिळावे, ही तिच्यामागील अपेक्षा असते.

निष्कर्ष

यादीत आणखी एक नाव घालणे हा अपुरेपणावरील पूर्ण उपाय नव्हे. यादवांचा समावेश उद्या झाला, तरी दख्खनच्या डोंगरी किल्ल्यांचे युद्धतंत्र नियमांत उतरले नाही तर ते नाव पाटीपुरते उरेल. विद्यार्थ्यांची मध्ययुगाशी पहिली ओळख अशा खेळांतून होऊ शकते. म्हणून इतिहासाच्या अध्यापकाने 'या खेळात कोण आहे' एवढेच न विचारता, 'जो आहे त्याला कोणाच्या नियमांनी खेळावे लागते' हा प्रश्नही वर्गात उपस्थित करणे अगत्याचे आहे.