'मतपेढी' : एका संज्ञेचा प्रवास व समाजशास्त्राचा प्रभाव

समाजशास्त्रज्ञांचे लोकव्यवहारात कोणी ऐकत नाही, ही तक्रार जुनीच आहे. एम. एन. श्रीनिवास यांच्या एका संज्ञेचे भवितव्य पाहता ती अपुरी वाटते. मुंबई विद्यापीठात घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेल्या श्रीनिवास यांनी १९५५ मध्ये म्हैसूरकडील एका खेड्यावरील निबंधात 'व्होट बँक' हा शब्द योजिला. त्यांचा रोख गावातील वजनदार आश्रयदात्यावर होता. कुळे व आश्रित यांची मते त्याच्या शब्दावर फिरत. म्हणून उमेदवार त्याचे उंबरठे झिजवी. मराठी वृत्तपत्रांतील 'मतपेढी' मात्र जातीला वा धर्मसमूहाला चिकटविली जाते. आश्रयदाता दृष्टीआड होतो. आरोपीच्या पिंजऱ्यात मतदार उभा राहतो. शब्द लोकांपर्यंत पोहोचला, निरीक्षण ग्रंथालयातच राहिले. यास विद्येचा प्रभाव म्हणावे काय? समाजशास्त्र म्हणजे सामान्य समजुतीस दिलेली भारदस्त नावे, असे म्हणणाऱ्या संशयवाद्यास येथे आयताच पुरावा सापडतो. वस्तुतः श्रीनिवास यांचे निरीक्षण रूढ समजुतीस छेद देणारे होते. दोष एकट्या पत्रकारांचा नव्हे. चर्चासत्रांतून प्राध्यापकही 'मतपेढी'चा हा पालटलेला अर्थ निःशंकपणे वापरतात, आणि तिचा मूळ अर्थ प्रश्नपत्रिकेतील टीपेपुरता उरतो.