चव्हाट्यावरची चोरी आणि गच्चीवरचा डाव

बाहेरच्या फलकावर आजचा विषय 'साहित्यातला जुगारी' असा लिहिलाय. विषय तोच आहे, पण सुरुवात साहित्यापासून न करता इथल्याच, सावेडीतल्या एका गच्चीपासून करू या. काही वर्षं दर शनिवारी रात्री दहानंतर आम्ही सहा मित्र तिथे जमत होतो. सतरंजी, पत्त्यांचे दोन कॅट, मधे स्टीलचा डबा, आणि साडेबाराच्या सुमारास खालून येणारा चहा. आधी मेंढीकोट होतं, मग रमी, मग तीन पत्ती. पुढे आमच्यातला एक जण पुण्याला हिंजवडीत नोकरीला लागला. येताना तो पोकर घेऊन आला, आणि डब्यातल्या नोटांच्या जागी रंगीत चिप्स आल्या.

साहित्याने जुगाऱ्याकडे कसं पाहिलं याबद्दल आमची एक तक्रार आहे. कथा-कादंबऱ्यांतला जुगारी बहुतेक वेळा एकटा असतो. दस्तयेव्हस्कीची १८६६ सालची 'जुगारी' घ्या. नायक, चाक आणि त्याच्या डोक्यातलं वादळ. समोरचे लोक जवळजवळ धूसर. आपल्याकडे दारूला गडकऱ्यांचा 'एकच प्याला' मिळाला, त्याच्या तोडीचं नाटक पत्त्यांच्या डावाला मिळालं नाही. पण व्यसनाकडे एका माणसाचा अधःपात म्हणून पाहायची सवय मात्र आपल्याला पक्की लागली. घरातल्या डावाला ही नजर पुरत नाही. दारू पिणाऱ्याचे पैसे गुत्तेवाल्याकडे जातात. गच्चीवर हरणाऱ्याचे पैसे मित्राच्या खिशात जातात. म्हणून जुगाऱ्याबरोबर भोवतालचं कोंडाळंही वाचायला हवं.

हे मनात ठेवून जुन्या गोष्टी पुन्हा उघडल्या, तर त्या वेगळ्याच दिसतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त म्हणजे अक्षसूक्त. बेहड्याच्या फळांचे फासे आणि हरलेल्या जुगाऱ्याचा विलाप. 'खेळू नकोस, शेती कर' हा शेवटचा उपदेश सगळ्यांना माहीत असतो. आमचं लक्ष मात्र दोन बारीक गोष्टींकडे जातं. एक म्हणजे, तो बायकोबद्दल सांगतो की ती कधी रागावली नाही, माझ्याशी चांगली वागली आणि माझ्या मित्रांशीही. मित्रांशीही! साडेबाराचा चहा आठवला की नाही? दुसरी गोष्ट, तो ठरवतो की आता जायचं नाही, आणि त्याला पहिली टोचणी लागते ती सोबती निघून गेले, आपण मागे राहिलो याची. मग फाशांचा आवाज येतो आणि तो निघतोच. आमच्या मते सूक्ताचं मर्म इथे आहे. फाशांच्या मोहाआधी तिथे मागे पडण्याची भीती आहे.

आता शूद्रकाचं 'मृच्छकटिक'. देवलांच्या संगीत नाटकामुळे हे नाव मराठी माणसाला घरचं वाटतं, पण आम्ही मूळ संस्कृत नाटकाच्या दुसऱ्या अंकाबद्दल बोलतोय. संवाहक दहा सुवर्णमुद्रा हरून पळतो आणि एका ओसाड देवळात मूर्तीच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. त्याला शोधत आलेला जुगारघराचा मालक माथुर आणि त्याचा जोडीदार ओळखतात, हाच तो. मारहाण, आरडाओरडा, काही नाही. ते त्याच्यासमोर बसून खेळायला लागतात! थोड्याच वेळात देव चौथऱ्यावरून खाली उतरतो. या प्रसंगाला प्रेक्षक हमखास हसतात, आणि हसावंच. पण शूद्रक किती नेमकं सांगतोय ते बघा. खेळणाऱ्याला बाहेर काढायला दांडगाई लागत नाही, त्याच्यासमोर पत्ते पिसले की झालं.

माथुर हा 'सभिक'. खेळ चालवायचा आणि त्यातून आपला वाटा काढायचा हा त्याचा धंदा. आपल्याकडे अड्ड्यावर ज्याला नाल म्हणतात, तो हा वाटा. १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे. त्यात पत्त्यांच्या अड्ड्याची व्याख्या करताना जागेच्या मालकाचा किंवा चालकाचा नफा हाच मुख्य मुद्दा आहे. आम्ही गच्चीवर हे अभिमानाने सांगत होतो. 'आपण नाल काढत नाही, आपला अड्डा नाही.' खरंच होतं ते. पण नाल नाही म्हणजे नुकसान नाही, हे आम्ही आमचं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

दुसरं समर्थन असायचं कौशल्याचं. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सत्यनारायण खटल्यात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, आणि त्याच निकालात तीन पत्तीला निव्वळ नशिबाच्या बाजूला बसवलं. तीन पत्तीत एकूण २२,१०० वेगवेगळे हात येऊ शकतात, त्यांत ट्रेल फक्त ५२. म्हणजे सव्वाचारशे डावांत एखादी. पोकरमध्ये दोन पत्ते आपले, पाच सगळ्यांचे. हिशेब जास्त, माणूस वाचणं जास्त. म्हणून पोकर सभ्य, असं आमचं म्हणणं. आता नीट विचार करा. नशिबाच्या खेळात आज तू, उद्या मी. वर्षअखेरीस बरंचसं फिटतं. कौशल्याच्या खेळात मात्र चांगला खेळणारा कच्च्या खेळणाऱ्याकडून सातत्याने घेत राहतो. स्पर्धेत ते न्याय्य असेल. मित्रांमध्ये त्याचा अर्थ असा की सहातला कच्चा कोण हे पाच जणांना माहीत असतं, आणि तरी शनिवारी त्यालाच पहिला फोन जातो.

आमच्यात तो होता. दुकानदार माणूस, दिलदार, हरला की सगळ्यात मोठ्याने हसणारा. चिप्स संपल्या की म्हणायचा, 'वहीत लिही रे.' आम्ही लिहीत होतो. एके दिवशी दुपारी त्याच्या पत्नीचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, 'भाऊजी, तुमच्यात जिंकतं तरी कोण? सगळ्यांच्या घरी तर बरोबरीत सुटलो असंच सांगतात.' मुलीच्या फीसाठी ठेवलेले पैसे संपले होते, आणि गळ्यातलं गहाण पडलं होतं. त्यातल्या काही पैशांची मिसळ आम्ही खाल्ली होती, काही पैशांत आमच्यातल्या एकाच्या गाडीचे टायर आले होते. फोनवर आम्हाला उत्तर देता आलं नाही.

महाभारतातलं द्यूत हाही घरातलाच डाव आहे. नात्यातली माणसं, समोर ज्येष्ठ मंडळी. सभापर्वावर बोलताना आपण शकुनीच्या कपटावर थांबतो. आम्हाला दुसरं आमंत्रण जास्त महत्त्वाचं वाटतं. सगळं गेलं होतं, ते परत मिळालं होतं, पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागले होते. तेवढ्यात निरोप येतो आणि युधिष्ठिर वळतो, कारण बोलावल्यावर नाही म्हणायचं नाही हा त्याचा बाणा. पण बोलावणारे कोण होते? त्याला नाही म्हणता येत नाही हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं तेच. त्या सभेत कुणीच काही बोललं नाही असं नाही. विदुर बोलला, विकर्ण बोलला. पण डाव थांबला नाही.

प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाडी'त दोन मित्र राज्य बुडताना बुद्धिबळ खेळत राहतात आणि शेवटी एकमेकांना मारतात. सत्यजित राय यांनी १९७७ च्या चित्रपटात त्यांना जिवंत ठेवलं, पुन्हा पटावर बसवलं. आम्हाला रायांचा शेवट अधिक कठोर वाटतो. मारामारी झाली तर डाव निदान संपतो. मैत्रीच्या नावाखाली तो चालूच राहतो.

आता नेवाशाकडे वळू. आपल्याच जिल्ह्यात, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवर भाष्य केलं. दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगताना म्हणतात की छळ करणाऱ्यांमधलं द्यूत मी आहे. भाविकाला हे अवघड जातं, देव आणि जुगार? ज्ञानेश्वर ते सारवून नेत नाहीत. ते सांगतात, ही भर चव्हाट्यावर होणारी चोरी आहे, आणि तरी ती कुणाला थांबवता येत नाही. जुगारावर याहून अचूक समीक्षा आम्ही वाचलेली नाही. चोर लपत नाही, ज्याचं जातं तो स्वतः पत्ते काटून देतो, बघणारे चहा पितात. थांबवणार कोण? २०२५ साली संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. मोबाईलवरचा डाव त्याने बंद होईल. गच्चीवरच्या डावाला कायदा नाही, तिथे फक्त माणसं असतात.

'मग कोजागिरीला, पाडव्याला खेळायचंच नाही का?' असं कुणीतरी विचारेलच. कोजागिरीच्या व्रतात जागरण आणि द्यूत दोन्ही सांगितलंय, बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असंच नाव आहे. आमच्या मते परंपरेचं शहाणपण त्या एका रात्रीत आहे. एक रात्र खेळा आणि उठा. दर शनिवार हा सण नसतो.

आम्ही ती वही फाडली. जिंकलेलं जमेल तेवढं परत केलं, सगळं जमलं नाही. तो मित्र घ्यायला तयार नव्हता, ते त्याच्या पत्नीच्या हातात दिलं. आता कधीतरी जमतो, बदाम सात खेळतो, पैसे नसतात, आणि खरं सांगायचं तर मजा थोडी कमीच येते. तोही येतो. पण पत्ते वाटताना त्याच्याकडे बघणं आम्हाला अजून सोपं गेलेलं नाही. साहित्यातला जुगारी एकटा का रंगवला जातो, याचं एक कारण आम्हाला तिथे सापडलं. लिहिणारा आणि वाचणारा, दोघंही बहुधा कोंडाळ्यातले असतात.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.