‘रो’ : वर्षावासाचे माप की कुळाचे?

जपानी भाषेत ‘तोशी’ हा एकच शब्द वर्ष आणि वय या दोन्ही अर्थी योजतात. जुन्या ‘काझोएदोशी’ गणनेत बालक जन्मतःच एक वर्षाचे मानले जाई व प्रत्येक नववर्षदिनी त्याचे वय एकाने वाढे. १९५० साली अमलात आलेल्या कायद्याने पूर्ण झालेली वर्षे मोजण्याची रीत पुरस्कारिली. विनयपिटकातही उपसंपदेसाठी वीस वर्षे गर्भापासून मोजण्याची अनुज्ञा आहे. तथापि या साम्यावरून जपानी गणनेचे मूळ बौद्ध ठरविणे आम्हांस मान्य नाही. ती गणना चिनी परंपरेतून आलेली आहे.

खरा बौद्ध संस्कार दिसतो तो ‘रो’ या शब्दात. चीनमध्ये वर्षअखेरच्या यज्ञाचे हे नाव भिक्खूच्या वर्षावासास लावले गेले आणि जपानीत ‘होरो’ म्हणजे उपसंपदेनंतरची धम्मवर्षे, असा अर्थ स्थिर झाला. अधिक वर्षावासांचा भिक्खू तो ‘जोरो’, कमी वर्षावासांचा तो ‘गेरो’. पाली ‘वस्स’ शब्दामागील दृष्टीच येथे आहे.

पुढे मात्र राजदरबाराने हे शब्द उचलले. ‘जोरो’ ही थोर कुळातील दरबारी स्त्रियांची श्रेणी झाली, तर ‘गेरो’ म्हणजे हलक्या दर्जाचा मनुष्य. जे आचरणाचे माप होते, ते कुळाचे झाले.

हा केवळ अर्थबदल नव्हे, मूल्याचा विपर्यास आहे, असे आमचे मत आहे. चुल्लवग्गात अग्रासन कोणास, या प्रश्नावर काही भिक्खूंनी क्षत्रिय व ब्राह्मण कुळांची नावे घेतली. भगवंतांनी ती नाकारून ज्येष्ठतेचाच नियम घालून दिला. शाक्य कुमारांनी तर आपला कुलाभिमान गळावा म्हणून उपाली न्हाव्यास आपल्याआधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली.

शब्द टिकला म्हणजे विचार टिकला, असे नव्हे. आपणही नावाआधी ‘आयुष्मान’, ‘आयुष्मती’ लिहितो; हाही पाली ‘आयस्मा’च्या कुळातील, आयुष्यवाचकच शब्द. तो सर्वांना सारखा लावला जातो, यातच त्याचे तेज आहे. पद, पैसा वा पोटजात पाहून तो कोठे उणा-अधिक होऊ लागला, तर ‘गेरो’ची कथा आपल्याही भाषेत घडेल. याविषयी वाचकांनी जागृत असावे, एवढेच आमचे निवेदन.