चित्रकाराचें गिऱ्हाईक

कांहीं वर्षांपूर्वीं यवतमाळ जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं भरलेल्या चित्रप्रदर्शनास पाहुणे म्हणून आम्हांस बोलावणें आलें होतें. उद्घाटनाची वेळ सकाळीं अकराची; समई पेटली साडेबारा वाजतां. मग स्वागत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ आणि पांच भाषणें झालीं, व त्यांतलें एक आमचें होतें. चित्रकार म्हणजे तेथल्याच शाळेंतील चित्रकलेचे मास्तर. भाषणें संपेपर्यंत ते बिचारे आपल्याच चित्रांना पाठ करून खुर्चीवर अवघडून बसले होते. मंडळी चहाकडे वळली तेव्हां आम्ही भिंतीपाशीं गेलों. तेथें पळसाचें एक चित्र होतें: फाल्गुनांतलें उघडें रान, मागें सागाचीं निष्पर्ण झाडें, आणि पुढें एकच पळस, तोहि अर्धवट फुललेला. चित्र आम्हांस फार आवडलें. “याची किंमत काय?” असें आम्हीं विचारलें. मास्तर गोंधळले. “सर, तुम्हाला आवडलं नं, मग झालं,” असें म्हणून ते हंसले. आम्हीं पुन्हां विचारलें नाहीं. वाटेंत सोबत्यांपाशीं त्यांच्या निरिच्छपणाची स्तुति केली, आणि मिळालेली शाल व नारळ घेऊन घरीं परतलों.

हा प्रसंग सांगण्यांत आमची शोभा आहे असें नाहीं. पण अशा विवेचनाचा आरंभ दुसऱ्याच्या दोषापासून करण्यापेक्षां आपल्या घरापासून केलेला बरा. जिल्ह्यांत राहणाऱ्या कलावंतानें आपली कृति मांडावी कोठें आणि विकावी कोणास, हा प्रश्न निघाला कीं पहिली मागणी येते ती कलादालनाची. ती गैर नाहीं. परंतु दालन बांधलें म्हणजे गिऱ्हाईक आपोआप जन्मास येतें, ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. मुंबईचें जहांगीर कलादालन १९५२ सालीं उघडलें. बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली ती १८८८ सालीं. म्हणजे चित्रें मांडण्याची, पाहण्याची, त्यांवरून भांडण्याची आणि थोडींबहुत विकत घेण्याची संवय त्या शहरास साठ वर्षांहून अधिक काळ लागत गेली, व त्यानंतर ती प्रसिद्ध वास्तु उभी राहिली. आमच्याकडे वास्तूची वाट पाहण्यांत संवयच लागावयाची राहून गेली आहे.

आज यवतमाळ, वणी, पुसद किंवा दारव्हा येथील तरुण चित्रकारापुढें वाटा दोनच. एक मुंबईची. तेथें नामांकित दालनाच्या तारखेसाठीं वर्षानुवर्षें थांबावें लागतें, आणि तारीख मिळाल्यावर भाडें, चौकटी, वाहतूक व मुक्काम यांचा खर्च, चित्र विकलें जावो न जावो, सोसावा लागतो. दुसरी नागपूरची. तेथें १९८६ सालीं स्थापन झालेलें दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. त्याच्या मेळ्यांत कारागिरास स्वतःच्या हातानें विक्री करतां येते, ही सोय मोलाची आहे. पण मेळा उठला कीं तो पुन्हां आपल्या गांवीं येतो, आणि गांवांत त्याला ओळखणारे सर्व, घेणारा कोणी नाहीं. नागपुरांत जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचें एक चित्र २०१५ सालीं मुंबईच्या लिलावांत २९ कोटी रुपयांहून अधिक किमतीस गेलें, तेव्हां ती बातमी आपल्यांतील पुष्कळांनीं घरांत मोठ्यानें वाचून दाखविली असेल. गायतोंडे २००१ सालींच निवर्तले होते. शेजारच्या आळींतील जिवंत चित्रकाराच्या दोन हजारांच्या चित्रापुढें हेच वाचक “कांहीं कमी होणार नाहीं कां?” असें विचारतात, आणि आमच्यासारखे कांहीं जण तेवढेंहि विचारीत नाहींत.

यावर आमच्या एका स्नेह्यांनीं आक्षेप घेतला. कापसावर जगणाऱ्या, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें ज्याचें नांव देशभर झालें अशा जिल्ह्यांत “चित्रें घ्या” असें सांगणें क्रूरपणाचें नाहीं काय? आक्षेप गंभीर आहे व तो हंसण्यावारी नेण्याचा आमचा विचार नाहीं. पण त्याचें उत्तर शेतकऱ्याच्याच घरांत सांपडतें. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं विदर्भांत तान्हा पोळा असतो, आणि त्यासाठीं लहान मुलांना लाकडाचे बैल घेऊन दिले जातात. सुताराच्या पुढ्यांत उकिडवा बसून बैल पारखणारा बाप ज्यानें पाहिला असेल, त्याला कलेची पारख म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. वशिंड जागच्या जागीं आहे कां, चारी पाय सारखे टेकतात कां, मानेला वळण आहे कीं नुसता ठोकळा, शिंगें कोणत्या जातीचीं, हें तो बोटानें चांचपून पाहतो, दोष तोंडावर सांगतो, भाव करतो आणि पैसे मोजतो. आम्हीं आमच्या भाषणांत त्या दिवशीं केली त्याहून ही टीका अधिक खरी होय. कारण तिच्या शेवटीं खिशांत हात घालावा लागतो. तीच गोष्ट आठवड्याच्या बाजाराची. शासनानें ज्यांस विशेष असुरक्षित आदिवासी गटांत गणलें आहे त्या कोलामांचें बांबूकाम, त्यांचीं सुपें व टोपल्या, कोणी घेतल्या? आमच्या वर्गानें नव्हे. त्या शेतकऱ्याच्या बायकोनें घेतल्या. कारागिराच्या हाताला दाम देण्याची रीत या जिल्ह्यांतील गरिबानें कधीं सोडलेली नाहीं. ती आम्ही सुशिक्षित मंडळींनीं उचललीच नाहीं. घराच्या छतावरील नक्षीसाठीं आणि काचेच्या कपाटांसाठीं पैसा निघतो. भिंतीवर मात्र बँकेचें किंवा बियाण्यांच्या कंपनीचें दिनदर्शिकेचें चित्र लटकत असतें.

यवतमाळच्या दुर्गोत्सवाचा उल्लेख येथें टाळतां येणार नाहीं. तो विदर्भांत प्रसिद्ध आहे, व त्याचे मंडप पाहण्यासाठीं खेड्यापाड्यांतून माणसें लोटतात. मूर्तिकार, मंडप रंगविणारे, देखावे उभारणारे अशा कितीतरी हातांना त्या निमित्तानें काम व मोबदला मिळतो. आम्हांस तर हें जिल्ह्यांतील सर्वांत मोठें कलादालन वाटतें. उणीव एवढीच कीं तेथें काम करणाराचें नांव कोणास ठाऊक नसतें, आणि दहाव्या दिवशीं तें काम पाण्यांत जातें. त्या नऊ रात्रींत मंडपाशेजारच्या एखाद्या शाळेच्या दोन खोल्या उघडून तेथें गांवच्या चित्रकारांचीं चित्रें किमतीसह मांडलीं, तर प्रेक्षक जमविण्याचा खटाटोप मुळींच करावा लागणार नाहीं.

पुसद, दिग्रस, उमरखेड या बाजूच्या तांड्यांवर बंजारा स्त्रिया आरसे व कवड्या गुंफून फेटिया-कांचळीवर जें भरतकाम करीत आल्या, त्याविषयींहि असेंच म्हणावें लागेल. दिग्रसच्या शेजारीं, पण वाशीम जिल्ह्यांत, पोहरादेवी येथें २०२४ सालीं बंजारा समाजाच्या वारशाचें भव्य संग्रहालय सुरू झालें. तें व्हावयासच हवें होतें. पण संग्रहालयाचें काम गेलेल्या हातांची आठवण राखण्याचें. आज टांका घालणारीला हवें असतें तें पुढच्या कापडापुरतें भांडवल. मध्यप्रदेशांतील पाटनगढच्या जनगढसिंह श्याम या परधान तरुणाची गोष्ट आम्हांस या संदर्भांत नेहमीं आठवते. परधान हे गोंडांचे वंशपरंपरेचे गायक, आणि त्यांची वस्ती आपल्या पांढरकवडा भागांतहि आहे. जगदीश स्वामीनाथन यांच्यामुळें हा तरुण भोपाळास आला, १९८२ सालीं उघडलेल्या भारत भवनांत त्याचीं चित्रें लागलीं, आणि पाहतां पाहतां त्याचें नांव परदेशीं गेलें. २००१ सालीं जपानांतील एका संग्रहालयासाठीं काम करीत असतां त्यानें तेथेंच आपलें जीवन संपविलें. त्याचीं कारणें सांगण्याचा अधिकार आमचा नाहीं. परंतु कलावंताला नांव मिळण्यासाठीं घरापासून इतकें दूर जावें लागावें, ही रुखरुख मनांतून जात नाहीं. याच्या उलट सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळीचे परशुराम गंगावणे. चित्रकथी व कळसूत्री बाहुल्या यांचें संग्रहालय त्यांनीं आपल्या घरच्या गोठ्यांत मांडलें आणि पाहणारास तेथें यावयास लावलें. २०२१ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. गोठ्यानें भागलें तें आमच्या जिल्ह्यांत सभागृहानें भागूं नये हें नवलच.

आतां चित्रांविषयीं दोन कडू शब्द. गिऱ्हाईक नसल्याचा परिणाम केवळ चित्रकाराच्या चुलीवर होतो असें नाहीं. तो त्याच्या कुंचल्यावरहि होतो. विकत घेणारा नाहीं, म्हणून तो परीक्षकांसाठीं काढतो किंवा कचेऱ्यांत लावावयाच्या पुढाऱ्यांच्या तसबिरी काढतो. त्या प्रदर्शनांत पळसाच्या शेजारीं नारळाचीं झाडें, होडी व मावळता सूर्य यांचीं चार चित्रें होतीं! पैनगंगेच्या किंवा वर्धेच्या कांठीं ज्याचा जन्म गेला, टिपेश्वरचें सागवान ज्याच्या सायकलच्या टप्प्यांत आहे, त्यानें कोंकणचा किनारा दिनदर्शिकेवरून उतरवावा यांत दोष त्याचा थोडा व आमचा फार. आमच्या शाळांतून हजारों मुलें एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस बसतात, आणि आईबापांना त्यांतलें मुख्य आकर्षण दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांचें असतें. गुण पदरांत पडले कीं रंगपेटी माळ्यावर जाते. वृत्तपत्रांनींहि या प्रदर्शनांस टीकेची भीड दाखवूं नये. “रसिकांची भरभरून दाद” हें वाक्य आम्हीं इतक्या वेळां वाचलें आहे कीं ही दाद कोणत्या चित्रास व कां मिळाली, हें विचारण्याचा धीर होत नाहीं.

यवतमाळांत दोन वेळां अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलें: १९७३ सालीं ग. दि. माडगूळकर यांच्या अध्यक्षतेखालीं, आणि २०१९ सालीं अरुणा ढेरे यांच्या. २०१९ चें संमेलन निमंत्रणाच्या वादानें गाजलें, आणि त्याचें उद्घाटन शेतकरी कुटुंबांतील वैशाली येडे यांनीं केलें, हें वाचकांस स्मरत असेलच. आम्हांस येथें सांगावयाचें तें निराळेंच. संमेलन म्हटलें कीं ग्रंथांचीं दुकानें आलींच, व दोन पुस्तकें घेतल्यावांचून परतणें आपल्या मंडळींस चुकल्यासारखें वाटतें. पुस्तकावर किंमत छापलेली असते आणि लेखक ती सांगतांना लाजत नाहीं. चित्राखालीं तशीच चिठ्ठी लावण्यास कोणती आडकाठी आहे, हें आम्हांस कळत नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत आम्हीं तिघां-चौघां स्नेह्यांनीं त्याच गांवच्या वाचनालयाच्या चिटणिसांकडे मासिकांच्या खोलीची एक भिंत आठवडाभर मागितली. त्यांनीं ती आनंदानें दिली. अट एकच, कीं बोलण्याचा आवाज नको. त्यामुळें भाषणांचा प्रश्नच उरला नाहीं. मास्तरांचीं चौदा चित्रें लागलीं, व पुष्कळ आढेवेढे घेऊन त्यांनीं प्रत्येकाखालीं स्वतःच्या हातानें किंमत लिहिली. पळसाचें चित्र त्यांत नव्हतें. तें त्यांनीं मधल्या काळांत कोणा अधिकाऱ्यास निवृत्तीची भेट म्हणून देऊन टाकलें होतें, आणि तें त्या गृहस्थांनीं लावलें कीं नाहीं हें त्यांस ठाऊक नव्हतें. आम्हीं जिनिंगच्या आवारांत उभ्या असलेल्या कापसाच्या गाड्यांचें एक चित्र अडीच हजारांस घेतलें. आकाश जरा जड झालें आहे असें आम्हीं सांगितलें, व तें त्यांनीं वाद न घालतां ऐकून घेतलें नाहीं, याचें आम्हांस बरें वाटलें. पावतीपुस्तक नवें होतें. आमची पावती चौथी. आधींच्या तिघांत सरकारी दवाखान्यांतील एक परिचारिका होती, आणि ती पैसे दोन हप्त्यांनीं देणार होती.