रेघेभोवतीची जागा

पांढरे गोटे, बांबूची रोपटी, कोपऱ्यात बुद्धाचं मस्तक, मातकट भिंत आणि तिच्यावर मंद पिवळा दिवा. नव्या सदनिकांत, कॅफेंत, स्पामध्ये ‘झेन’ या नावाखाली जी सजावट केली जाते, तिचा ऐवज साधारण एवढाच. यातली एकही वस्तू वाईट नाही. मात्र चार वस्तू आणून ठेवल्या की वातावरण तयार होतं, हे गृहीतक चुकीचं आहे. बडोद्यात ते जास्त खुपतं, कारण याच शहरात एका चित्रकर्तीने तब्बल अठरा वर्षं कागदावरून एकेक गोष्ट कमी करत नेली होती.

नसरीन मोहमदी यांचा जन्म १९३७ चा, कराचीतला. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये आणि नंतर पॅरिसमध्ये शिक्षण. १९७२ मध्ये त्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत शिकवायला आल्या आणि १९९० मध्ये, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी जाईपर्यंत त्यांचं नाव बडोद्याशी जोडलेलं राहिलं. तो काळ या विद्याशाखेत गोष्टी सांगणाऱ्या चित्रांचा होता. गुलाममोहम्मद शेख, भूपेन खक्कर यांच्या चित्रांत गल्ल्या, माणसं, दुकानं, पुराणं यांची दाटी. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ या प्रदर्शनाने या धारेला देशभर ओळख दिली. त्याच वर्षांत नसरीन शाई, पेन्सिल आणि आराखडे काढायची उपकरणं घेऊन फक्त रेघा ओढत होत्या. साठच्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत झाडाझुडपांची, पाण्याची चाहूल होती. सत्तरच्या दशकात तिथे आडव्या-उभ्या रेघांची जाळी आली. ऐंशीच्या दशकात तीही गेली आणि उरल्या काही तिरप्या रेघा, एखादी कमान, बाकी कोरा कागद. बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीख नाही.

हा कोरा कागद रिकामा का वाटत नाही? कारण रेघांमधलं अंतर सारखं नाही. त्या जवळ येतात तेव्हा कागद काळवंडतो, विरळ होतात तेव्हा उजेड पसरतो, आणि शाईचा दाब कमी झाला की रेघ संपण्याआधीच विरू लागते. तेराव्या शतकात मा युआन या चिनी चित्रकाराने हेच जाणलं होतं. एका कोपऱ्यात डोंगर किंवा फांदी काढून बाकीचं रेशीम तो धुक्यासाठी सोडून द्यायचा. क्योतोच्या र्योआन-जी या झेन मंदिरातल्या खडीच्या अंगणात पंधरा दगड आहेत. ओसरीवर कुठेही बसलं तरी एकाच वेळी पंधराही दिसत नाहीत. त्या अंगणाची शांतता या मांडणीतून येते, खडीतून नव्हे. आजचे सजावटकार नेमकी खडी उचलतात आणि मांडणी तिथेच सोडून येतात.

नसरीन यांच्यापर्यंत पूर्व आशियाचा हा धागा मुंबईहून आला असावा. तिथल्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट या कलाकेंद्रात त्यांची ओळख झाली चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याशी. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले गायतोंडे झेनचं वाचन मन लावून करत. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रं पुरी होत. सपाट पात्याने आणि रोलरने रंग चढवायचा, खरवडायचा, पुन्हा थांबायचं. मराठीत ‘चिन्ह’ या कलाविषयक नियतकालिकाने त्यांच्यावर मोठा ग्रंथ काढला, २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकन प्रदर्शन झालं. आज त्यांच्या चित्रांच्या कोट्यवधींच्या बोलींची बातमी होते, त्या थांबण्याची मात्र क्वचितच.

बडोद्यात पूर्व आशियाचा दुसरा धागा याहून जुना आहे. १९२४ मध्ये रवींद्रनाथांबरोबर चीन-जपान पाहून आलेले नंदलाल बोस यांनी पुढे गायकवाड राजघराण्याच्या कीर्तिमंदिरात भित्तिचित्रं रंगवली. त्या भिंती भरगच्च आहेत, तिथे कोरी जागा शोधायला जाऊ नये. पण रेघेला जिवंत ठेवणारं मनगट तिथे दिसतं. त्यांचे शिष्य के. जी. सुब्रमण्यन पुढे बडोद्यात शिक्षक झाले. त्यामुळे नसरीन आल्या तेव्हा या शहराला रेघेचा सराव होताच.

नसरीन यांना ‘झेन चित्रकर्ती’ म्हणून मोकळं होणं मात्र अन्यायाचं ठरेल. फतेहपूर सिक्रीची फरसबंदी, मागावरचे ताणे, वाळूवरच्या खुणा, आधुनिक इमारतींच्या सावल्या हे सगळं त्यांच्या छायाचित्रांत आहे आणि तिथूनच रेघांमध्ये उतरलेलं जाणवतं. सूफी विचाराशीही समीक्षक त्यांचं नातं जोडतात. शेवटच्या वर्षांत आजाराने शरीरावरचा ताबा सुटत चालला, तरी रेघ ढळली नाही. मंद दिव्याने येणारी शांतता आणि ही शांतता यांना एकच नाव देता येणार नाही.

सजावटीच्या धंद्याने इथून काय घ्यावं? सर्वप्रथम, रिकामी जागा वापरातून येते हे. जपानी खोलीत अंथरूण सकाळी कपाटात जातं म्हणून ती मोकळी दिसते. आपल्या माजघरातही वळकटी गुंडाळून ठेवली, पाट भिंतीला टेकवले की तीच जमीन दिवसभराच्या कामाला मोकळी व्हायची. आज बैठकीच्या खोलीत भला मोठा सोफा आणि भिंतभर टीव्ही कायम ठेवून वर झेनचा कोपरा करतात. तो मग आणखी एक अडगळ होऊन बसतो. उजेडाचंही तेच. बडोद्याच्या चाळिशीपार उन्हाळ्यात दुपारचं ऊन जाळीतून गाळून आत घेणं ही या भागाची जुनी विद्या आहे, पण जाड पडदे ओढून दिवसाढवळ्या दिवे लावणं सोपं पडतं.

२०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयाचं दार उघडलं, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत नसरीन यांचं प्रदर्शन होतं. अंतर्गत सजावट शिकणाऱ्या बडोद्यातल्या मुलांसमोरही त्यांचे कागद ठेवले पाहिजेत, शेजारी त्यांचीच छायाचित्रं, आणि दोन रेघांमधलं अंतर कुठे बदलतं ते पट्टीने मोजायला सांगितलं पाहिजे. बांबू कुठे लावायचा हा विचार त्यानंतरचा.