पाकळीचा ल

मु. पो. सुलतानपूर, तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा. लग्नपत्रिकेच्या तळाशी येणारा असा पत्ता कोणी रसिकतेने वाचत नाही. पण अक्षरांवर जीव असणाऱ्याने इथे थांबावे. मु. पो. सोडले तर पाच शब्द, आणि पाचांतही ल!

हिंदी वळणाचा ल उजवीकडच्या दंडाला टेकून उभा असतो. मराठी ल मध्यावर तोललेला, दोन्ही अंगांना पाकळी उमललेला. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी हाच पाकळीयुक्त ल प्रमाण मानला. संगणकाच्या लेखी मात्र दोघे एकच. युनिकोडमध्ये दोघांचा क्रमांक ०९३२. कोणता उमटवायचा, हे फॉन्टच्या पोटातला ग्लिफ-बदलांचा तक्ता मजकुराची भाषा पाहून ठरवतो. फॉन्टात सोय असेल, तर भाषा मराठी केली की पाचही ल एकदम रूप पालटतात.

'लोणार' आता नीट पाहा. दंडाचा ल असला की त्याचा दंड, शेजारचा काना, मग ण, पुन्हा काना, अशी उभ्या रेघांची दाटी होते. पाकळीचा ल येताच सुरुवातीलाच गोलाई येते आणि शब्द मोकळा श्वास घेतो.

खरी कसोटी 'जिल्हा' या शब्दात. दंडाचा ल अर्धा करायला दंड उडवला की झाले. पाकळीच्या ल ला उडवायला दंडच नाही! उजवी पाकळी आखडून ती ह ला भिडवावी लागते, म्हणजे अक्षरकाराने अर्धा ल वेगळा रेखाटायला हवा. त्याचा कंटाळा केला, तर एकाच ओळीत 'लोणार' मराठी आणि 'जिल्हा' हिंदी वळणाचा दिसतो.

जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याची (स्थापना १८६९) ख्याती सुबक खिळ्यांमुळेच झाली. तिथे जुळारी जोडाक्षराचा खिळा खणातून स्वतः उचलायचा. आज ती निवड तक्ता करतो, पण त्याला भाषा आपणच सांगायची असते. लोणार सरोवराच्या 'खाऱ्या' पाण्याचेही तसेच: नुक्त्याचा ऱ टंकला नाही, तर य वर रफार चढून 'खार्या' होते.

डीटीपी करणाऱ्यांना एवढीच विनंती: इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटतात. भाषेच्या रकान्यात मराठी ठेवा. आणि ज्या फॉन्टात पाकळीचा ल नाही, तो मराठी मजकुराला लावू नका.